माझो झील फाल्या येतलो

फाल्या नावाच्या त्या पोराची कुणी वाट बघू नये, आणि सगळे बघतात, हीच त्याच्या गोष्टींच्या पुस्तकांची गंमत. मामाच्या लग्नाला हा पोचतो तेव्हा पाहुणे हात धुऊन सुपारी चघळत असतात. सहलीला निघतो ती बस परत आल्यावर, आणि वर ड्रायव्हरलाच विचारतो की सहल कशी झाली. दर पुस्तकात त्याच्यासाठी कुणीतरी एक लाडू झाकून ठेवतं. शेवटच्या पानावर हे महाशय उगवतात आणि आधी लाडू मटकावतात.

मुंबईत असल्फ्याच्या खोलीत पालथी पडून मानसी ही पुस्तकं वाचायची आणि एकटीच खिदळायची. तिचा बाप सुशांत साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. घरी आला की हाताचं काळं निघेपर्यंत मोरीत घासत बसणारा, बोलण्यात कंजूष माणूस. पण लेकीने वाचून दाखवलं की तोही हसायचा. एकदा त्याने तिला सांगितलं की आमच्या मालवणीत फाल्या म्हणजे उद्या. मानसी मुंबईत जन्मलेली, तिला मालवणी शिव्यांपलीकडे काही येत नव्हतं. ती म्हणाली, मग बरोबरच आहे, म्हणूनच तो कधी आज येत नाही. लिहिणारी बाई कोकणातलीच असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं.

सुशांतला मात्र तो शब्द गमतीचा नव्हता. त्याचा बाप लवकर गेला. आई, विमला, पोटासाठी मुंबईला आली आणि अंधेरीत एका घरी मूल सांभाळायला लागली. राहायची ती चुलत बहिणीच्या खोलीत, सात माणसांत आठवी. तिथे पोराला कुठे ठेवणार? सुशांत कुडाळजवळच्या गावात आजीपाशी राहिला. दुकानातल्या फोनवर आईचा आवाज यायचा, "फाल्या येतंय रे." तो फाल्या गणपतीला उगवायचा आणि गौरीबरोबर परत जायचा.

अशाच एका गणपतीत सकाळी आईने त्याला हलवून उठवलं आणि म्हणाली, "ऋता, ऊठ बाळा." लगेच जीभ चावली, हसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अंधेरीतल्या त्या न पाहिलेल्या मुलीचा त्याने इतका राग केला, इतका राग केला, की पुढे दहावी होऊन मुंबईत आला तरी ते घर बघायलासुद्धा गेला नाही. आईने तोवर ते काम सोडलं होतं. दोघं पुढे कितीतरी वर्षं एका खोलीत राहिली. एक प्रश्न मात्र त्याच्या घशात अडकून राहिला: त्या घरात, त्या मुलीचे केस विंचरताना, तुला माझी आठवण यायची का गं? आज विचारू, उद्या विचारू, असं करता करता आई दोन वर्षांपूर्वी गेली. फाल्याची चाल ह्यानेही चालवली म्हणायची. आता विचारायला माणूसच राहिलं नव्हतं.

मानसीच्या शाळेत फाल्याची लेखिका येणार म्हणून पालकांनाही बोलावलं होतं. सुशांतने अर्धी सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसला. लेखिका त्याच्याच वयाची होती. पुस्तकावरचं नाव त्याने कधी वाचलं नव्हतं; शाळेच्या बाईंनी ओळख करून देताना ते सांगितलं, ऋता, तेव्हा त्याने मान वर केली. मग मनाशी म्हणाला, एका नावाच्या शंभर असतात.

एका मुलीने विचारलं की फाल्या खरा होता का. ऋता म्हणाली, होता तर. मग तिने सांगितलं की लहानपणी तिची आई बँकेत जायची आणि तिला विमलमावशी सांभाळायची. मावशीचा एक मुलगा गावाला होता. तो कधी येणार, असं ऋता विचारायची, कारण खेळायला कुणी नव्हतं. मावशी म्हणायची, "माझो झील फाल्या येतलो." झील म्हणजे मुलगा, एवढं ऋताला कळत होतं.

"म्हणून मला कळलं, त्याचं नाव फाल्या," ऋता म्हणाली. "मावशी मला लाडू द्यायची, तेव्हा मी एक त्याच्यासाठी झाकून ठेवायला लावायचे. तो काही यायचा नाही. मग संध्याकाळी तो लाडूही मीच खायचे."

पोरं हसली. मानसी हसली नाही, तिने वळून बापाकडे पाहिलं. सुशांतला समोरचं धड दिसत नव्हतं. ज्या मुलीचा त्याने इतका राग केला ती त्याची वाट बघत बसली होती, आणि त्याच्या वाट्याचा लाडू ठेवून.

कार्यक्रम संपल्यावर सह्यांसाठी रांग लागली. मानसीने पुस्तक पुढे केलं, पण सुशांतने ते ऋताच्या हाती पडू दिलं नाही, स्वतःच धरून ठेवलं.

"मॅडम, फाल्या नाव नाही," तो म्हणाला. "मालवणीत फाल्या म्हणजे उद्या. माझा मुलगा उद्या येणार, असं म्हणायची ती. माझी आई."

ऋताने पेन खाली ठेवलं. ती बराच वेळ त्याचा चेहरा बघत राहिली, त्यात दुसरा कुणाचा चेहरा सापडतो का ते शोधत असल्यासारखी. सापडला असावा, कारण तिचे डोळे भरून आले.

"मावशी कुठे आहे?" तिने विचारलं. "दोन वर्षं झाली जाऊन," सुशांत म्हणाला. मागची पोरं ढकलाढकली करायला लागली होती. इतकी वर्षं घशात अडकलेलं त्याने आता विचारलं.

"माझो झील येतलो, असं ती कधीतरीच म्हणायची का? एखाद्या वेळी?"

"मी रोज विचारायचे," ऋता म्हणाली. "आणि ती रोज सांगायची."

"रोज?"

"रोज."

सुशांतने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. नाव काय घालू, असं तिने विचारलं, तेव्हा मानसी आपलं नाव सांगणार होती. पण बापाकडे बघून ती म्हणाली, सुशांत लिहा.