कुशनमास्तरांचं जॅकेट

पन्नाशीत माणसाच्या डोक्यात कसलं खूळ शिरेल याचा नेम नसतो. कुशनमास्तरांच्या डोक्यात कयाक शिरली, वल्ह्यानं हाकायची ती चिंचोळी होडी. लोकांचे सोफे आणि खुर्च्या मढवण्यात यांची हयात गेलेली. पोहण्याच्या नावानं शून्य. तरी एका रविवारी ते तळ्यावर गेले, भाड्याच्या कयाकमध्ये बसले, बराच वेळ एकाच जागी गोल गोल फिरले आणि घरी येऊन ‘काय सुसाट सुटलो होतो!’ म्हणून सांगू लागले.

तळ्यावरच्या क्लबात शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, “विकत घ्यायचंच असेल तर आधी आपल्या मापाचं लाइफ जॅकेट घ्या. मग वल्हं. कयाक सगळ्यात शेवटी. तोवर आमची आहेच.” मास्तरांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वल्हं घेऊन आले. लांबलचक, दोन्ही टोकांना पाती असलेलं. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसून सराव करताना पहिल्याच झटक्यात त्यांनी ट्यूबलाइट फोडली.

“आणि जॅकेट?” बायकोनं विचारलं.

“जॅकेट म्हणजे असतं काय गं? फोम, कापड आणि पट्टे. जन्मभर हेच लोकांच्या बुडाखाली घालत आलोय मी. आता तेच विकत आणू? धंद्यातले लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“मग क्लबचं घाला की.”

“दहा जणांच्या घामाचं? शी!”

बायको लाँड्रीत कामाला होती, दहा जणांचा घाम रोज हातांनी काढत होती. शिवाय तिचं एक जुनं दुखणं होतं. मास्तरांच्या घरातल्या सोफ्याची स्प्रिंग कित्येक वर्षं वर आलेली होती. ‘घरचंच तर काम आहे, करतो’ या एका वाक्यावर तो सोफा म्हातारा झाला, आणि ती बिचारी स्टुलावर बसून जेवत राहिली. जॅकेट मात्र आठवड्याच्या आत तयार!

आणि काय जॅकेट! उत्तमातला उत्तम जाड फोम, मरून कापड, कडेनं सोनेरी पायपिनची किनार, पाठीवर कापडानं मढवलेली बटणं. घालून मास्तर आरशासमोर उभे राहिले, तेव्हा आरामखुर्चीच उठून चालायला लागल्यासारखी दिसली. ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

रविवारी सकाळी मास्तर दाढीला बसले. बायकोनं जॅकेट उचललं आणि न्हाणीघरातल्या टबात टाकलं. तिच्या मनात काही नव्हतं. नवीन गडद कापड एकदा पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, ही लाँड्रीतली सवय. मरून रंग पांढऱ्या शर्टावर उतरला असता. रोजच्यासारखं तिनं ते मुठींनी दाबलं. भराभर बुडबुडे आले. तिनं हात काढला, तरी जॅकेट वर येईना.

“अहो, जरा इकडे या.”

मास्तर अर्ध्या दाढीनं आले. जॅकेट टबाच्या तळाशी स्वस्थ बसलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढलं. ओली गादी उचलावी तसं ते कसंबसं कडेपर्यंत आलं आणि हातातून सुटून पुन्हा खाली गेलं.

“चांगला फोम आहे,” मास्तर पुटपुटले. “दाबून सोडला की हवा आत ओढून घेतो. म्हणून तर बसायला मऊ लागतो.”

“आज पाणी ओढून घेतलं.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तळं मध्यभागी किती खोल आहे हे त्यांनीच तिला फुशारकीनं सांगितलं होतं. बायको टबाच्या काठावर बसली. ती ओरडेल असं त्यांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी रंगासाठी बुडवलं हो,” ती म्हणाली. “नुसत्या रंगासाठी.” मास्तरांना स्वतःची इतकी लाज आणि इतकी भीती एकदम कधीच वाटली नव्हती.

उरलेली दाढी तशीच ठेवून ते तिच्याबरोबर खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानातल्या मुलीनं मास्तरांच्या अंगावर जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि सांगितलं, “आता कुणीतरी खांद्यांना धरून वर ओढा. कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलं.”

बायकोनं पदर खोचला. पहिलं जॅकेट मास्तरांच्या नाकावर गेलं. दुसरं कानांशी अडकलं. तिसरं जागचं हललं नाही, मास्तरच चवड्यांवर उचलले गेले.

“हे द्या,” ती म्हणाली. “आणि असंच एक माझ्या मापाचं.”

“तुला कशाला?”

“दोघांची कयाक असते ना? घरात धड बसायला मिळत नाही, तिथे तरी मिळेल.”

मुलीनं तिला जॅकेट घातलं, पट्टे आवळले. मास्तरांनी खांद्यांना धरून सगळा जोर लावून ओढलं. जॅकेट हललं नाही. तरी त्यांनी आणखी एकदा ओढून पाहिलं.