सव्वातीन तास

लेहच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये मी हवालदार क्लार्क होतो. रजेवर निघालेल्या जवानांना विमानात जागा लावून देणं हे माझं काम. लेह ते दिल्ली हवाई अंतर साधारण सव्वासहाशे किलोमीटर, वेळ सव्वा तास. दिल्ली ते पुणे पावणेबाराशे, दोन तास. आकडे पाठ होते.

मी दौंडचा. नाईक सिद्धार्थ तळेगाव ढमढेऱ्याचा. डोंगरावरच्या पोस्टवरून खाली आला की आधी माझ्या टेबलाशी यायचा.

"दादा, घरी कवा पोचतो?"

"दुपारी चार."

"नक्की? का तुमच्या दौंडच्या गाडीगत उशीर?"

नव्वदच्या दशकाच्या अखेरचा हिवाळा. त्याची रजा मंजूर होती. निघण्याच्या आदल्या दिवशी पोस्टवर हिमकडा कोसळला. रेडिओवर आवाज आला, "नाईक सिद्धार्थ. फेटल. ओव्हर."

"से अगेन," मी म्हणालो.

पुन्हा तेच आलं. फेटल म्हणजे माणूस गेला.

शवपेटी खाली आली. सुभेदार मेजर म्हणाले, "तुम्हारे जिले का है. एस्कॉर्ट तुम जाओगे."

गावाला तार आधीच पोचली होती. मी तिथल्या किराणा दुकानाच्या फोनवर त्याच्या वडिलांना, आबांना, बोलावून घेतलं. सवयीनं सांगून टाकलं, "उद्या दुपारी चार."

लेहला विमान सकाळीच उतरतं. नंतर वारा उतरू देत नाही, आणि ढग असले तर सकाळही जाते. हे रोज पाहणारा मी. तरी वेळ दिली.

पहिल्या दिवशी दहा चाळीसला फ्लाइट रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही. मी फोन लावला.

"आबा, आजबी न्हाई."

"लई लांब हाय का?"

"अठराशे किलोमीटर."

"इमानाला किती येळ?"

"सव्वातीन तास."

आबा म्हणाले, "साहेब, माती झाल्याबिगर गल्लीत चूल पेटत न्हाई. तुमी चार म्हणला म्हणून कालपासून समदी थांबल्याती. बारकी पोरं हायती."

"पेटवायला सांगा, आबा."

"मी कसं सांगू?"

फोन ठेवून रनवेवर जाऊन उभा राहिलो. समोरचा डोंगरही दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. दिल्ली, पुणे, पुढे रस्त्यानं तळेगाव. गल्लीत गाडी थांबली तेव्हा चारला पाच कमी होते. गणित बरोबर होतं, दिवस चुकला होता. एकाही घरातून धूर नव्हता. आबांनी पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "तुमी काय खाल्लं का?"

त्यानंतर मी कुणालाही घरी पोचायची वेळ सांगितली नाही. जवान चिडायचे. मी एवढंच म्हणायचो, "विमान उतरलं की बघू."

सिद्धार्थच्या रजेच्या कागदावर माझ्याच अक्षरात वेळ लिहिलेली होती: १६.००. तो कागद त्याच्या सामानाबरोबर घरी गेला. दर हिवाळ्यात मी तळेगावला जातो. आबा चूल पेटवून चहा ठेवतात. कागद अजून भिंतीवर, त्याच्या फोटोशेजारी आहे.