बासष्ट टक्क्यांवर अडलेली गाडी

शामराव हरदास वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण मशीनसमोर उभं राहायची त्यांची रीत गेली नाही. हात मागे, मान तिरकी, आधी कान लावायचा आणि मगच डोळे. पुरानी बस्ती या हिंदीभाषी मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणाचा कूलर कुरकुरला की पहिली हाक त्यांनाच. माणूस गुणी. हट्टीही तेवढाच, ते लपवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या स्वतःच्या पंधरा वर्षांच्या डिझेल गाडीनं मात्र त्यांना हात टेकायला लावले होते. रेल्वेच्या पुलाचा चढ आला की ती दम खाई. एका गुरुवारी तर भर चढावर बंद पडली. मागे हॉर्नचा कल्ला आणि आत मंदाकिनीबाई. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या त्यांच्या या बायकोला रिक्षात चढता येत नाही, आणि भजनी मंडळ आहे पुलापलीकडे. पुण्याच्या मुलानं, भार्गवनं, फोनवर निकाल देऊन टाकला: पुन्हा अडली तर भंगारात द्या, या वयात चालवणंच सोडा.

उपाय आणला तो लेकीच्या मुलीनं, ईरानं. ती इथंच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातून तिनं हातात मावेल असं एक यंत्र आणलं, ट्यूनर म्हणतात त्याला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात त्याची वायर खोचायची, की इंजिन चालवणारा जो छोटा कॉम्प्युटर असतो, त्यातली डिझेलची आणि हवेची मापं बदलता येतात. शामरावांना वाटलं, खोचलं की झालं. ईरा ऐकेना. आधी दयाराम मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली. हवेचा एक पाइप चिरलेला निघाला, तो बदलला, फिल्टर बदलला, क्लच पाहिला. गाडी सुधारली, पण दम यायचा राहिला होता. मग तिनं कॉम्प्युटरमधली मूळ मापं उतरवून लॅपटॉपवर दोन ठिकाणी ठेवली आणि यंत्रातल्या नव्या मापांतली सगळ्यांत सौम्य निवडली. जुन्या इंजिनाला जोर दाखवायला लावलं तर तेच फुटेल, असं तिचं म्हणणं. नातीचं हे बोलणं शामरावांना मनातून आवडलं, पण तोंडानं कोण कबूल करतो!

बुधवारी सकाळी गाडी गल्लीतच उभी केली. बॅटरीला चार्जर लावला, कारण मापं लिहिली जात असताना वीज कमी पडली तर कॉम्प्युटर अर्धवट राहतो. एसी, पंखा, रेडिओ सगळं बंद. चावी मात्र चालू हवी. शामरावांनी, म्हणजे तिच्या आबांनी, सीटवर बसायचं, यंत्रावरचा टक्क्यांचा आकडा बघायचा, कशालाही हात लावायचा नाही. ईरा बॉनेटपाशी बॅटरीची वीज मोजायचा मीटर धरून उभी राहिली.

आकडा साठच्या पुढे गेला, आणि गल्लीत गॅसवाल्याचा टेम्पो येऊन भोंगा वाजवू लागला. भैया, गाडी हटाव. शामराव त्याला थांबायला सांगायला उतरले. चौतीस वर्षं कारखान्यात एकच नियम पाळला होता: मशीन सोडून दूर जाणाऱ्यानं चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, नाहीतर मागून कुणी ती चालू करील आणि एखाद्याचा हात जाईल. हा नियम डोक्यात नव्हता, हातात होता. हातानं चावी काढली आणि खिशात टाकली.

यंत्र लांब पिप्प करून बासष्टवर थिजलं.

ईरा धावत आली. आबांकडून चावी मागून घेतली आणि फिरवली, तर डॅशबोर्ड मुका. स्टार्टर टकसुद्धा करेना. शामरावांनी खिशाकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि तिथंच पायरीवर बसले. या गाडीचा कॉम्प्युटर आता नवा मिळत नाही, हे दयारामनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"मीच मारली तिले," ते म्हणाले.

"मरी नहीं है, आबा. ओरिजिनल रखा है मैंने," ईरा म्हणाली.

तिनं टेम्पोवाल्याला दुसऱ्या गल्लीनं पिटाळलं, मीटर पाहिला, आणि यंत्राच्या पुस्तिकेतलं अडकलेलं काम सोडवायचं पान उघडलं. चावी चालू. मूळ मापं पुन्हा पाठवायला लावली. बारा, वीस, एकतीस. या वेळी शामराव ओट्यावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मंदाकिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काहून असे बसून राहिले? लघवीले लागली का?"

शंभर. चावी बंद, थोडं थांबून पुन्हा चालू. दिवे लागले. इंजिन एकदा खोकलं आणि धडधडलं.

शामरावांनी कान लावला. पुरा मिनिटभर. मग चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ असतानाही.

ईरानं यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. आता नको, म्हणाली. तर हे म्हणतात, "पोट्टे, काम अर्धं सोडून मी कधी वर्कशॉपच्या बाहेर निघालो नाही. लाव."

दुसऱ्यांदा त्यांनी गाडीत बसायचंच नाकारलं. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून ते वाहनं अडवत राहिले. दोन स्कूटर आणि एक भाजीवाली त्यांनी वळवून लावली. या वेळी आकडा कुठंच थांबला नाही.

गुरुवारी मंदाकिनीबाई मागच्या सीटवर बसल्या. पूल दिसताच त्यांनी डोळे मिटले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. शामरावांनी गाडी तिसऱ्यात घातली आणि पाय जरासा दाबला. जास्त दाबायचा नाही, असं नातीनं बजावलं होतं. गाडी तक्रार न करता वर चढत गेली.

"अहो, आला का पूल?" मंदाकिनीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"गेला," शामराव म्हणाले. "उतारावर आहो आपण."