मुरघासाच्या खड्ड्यातल्या नऊ जागा

रायपूरच्या भनपुरीत पत्रकं वाटत होते, तेव्हा आतेभावाचा फोन आला. "दीदी, मम्मी नहीं रही." हातातला गठ्ठा तिथंच रस्त्यावर ठेवला गेला... महिना झाला. लोक मला सांगतात, तुझी आत्या फार शांत होती हो! साफ खोटं. पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिच्याएवढं भांडणारं दुसरं कुणी नव्हतं.

गोष्ट जुनी आहे, रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. इकडे उद्घाटनांची धूम आणि तिकडे अभनपूरजवळ बिसाहू भैयाच्या गोठ्यात गायी गाभडत होत्या, दिवस भरायच्या आतच गर्भ पडत होते. त्यांच्यासाठी मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा दाबून मुरवायचा, खड्डा एका व्यापाऱ्यानं भरून दिला होता. चोर तोच, हे मी ठरवूनच टाकलं. खड्ड्यातली सगळ्यात काळी, बुरशी धरलेली मूठ पिशवीत कोंबली आणि आत्यापुढं आपटली. त्याच्याविरुद्धचं पत्रक छापायला गेलंच होतं, फक्त अहवाल हवा होता.

"काहून वं पोट्टे, कुठून उचललं हे?"

"जिथं जास्त सडलं होतं तिथून."

"मंग हा खड्ड्याचा नमुना नाही, तुह्या रागाचा आहे. चाल, मले खड्डा दाखव."

तिथं तिनं वरून, मधून, तळातून, दोन्ही कडांकडून, अशा नऊ जागांवरून मुरघास काढायला लावला. तो कालवून चार ढीग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेल्यातून पिशवी भरली, हवा दाबून काढली आणि ती बर्फात ठेवली. माझी काळी मूठ फेकली नाही. वेगळी चिठ्ठी लावून वेगळी तपासली. मी वैतागून म्हटलं, "तू व्यापाऱ्याच्या बाजूची आहेस!" ती म्हणाली, "हव, आणि गाईच्याही."

अहवाल आला. खड्डा चांगला होता. ताडपत्रीच्या कडेची हातभर पट्टी तेवढी सडलेली, कारण चारा काढल्यावर भैया ती कड उघडीच ठेवायचा. तेच गायींच्या पोटात जात होतं. छापलेली पत्रकं मी रद्दीत घातली. नवं पत्रक लिहिलं: कड दाबा, सडलेलं फेका. पुढच्या वेतात गोठ्यात वासरं हंबरली.

परवा एक नमुना घेऊन त्या प्रयोगशाळेत गेले. नव्या साहेबांनी काही न विचारता पिशवी ढिगावर टाकली. आत्या प्रत्येक अर्जावर लाल पेन्सिलीनं एक रकाना आखायची, नमुना कुणी, कुठून, कसा घेतला. छापील अर्जात तो कधीच नव्हता. तिच्या टेबलाच्या खणात पेन्सिल अजून होती... मी रकाना आखला, भरला.

"दीदी, इसकी ज़रूरत नहीं है."

"आहे. वाचा, मग सही करा."

त्यांनी चष्मा लावेपर्यंत मी काउंटरपासून हलले नाही.