चाळणीचा चेहरा

बेकरीत तिला सगळे चाळणी म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. ते इतकं चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर तीच मागे वळून बघायची, ही कोण बुवा नवीन. वयात येताना गालांवर फोडांचं अमाप पीक आलं आणि पीक गेलं तरी धसकटं राहिली. दोन्ही गाल आणि हनुवटी बारीक खड्ड्यांनी भरून गेली होती. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. आरसा वेणीपुरता, आणि वेणी तर टोपीखालीच जायची.

तिचं काम टोचण्याचं. बिस्किटांचं पीठ लाटून लांबलचक टेबलावर चादरीसारखं पसरलं की त्यावरून ती काट्यांचं लाटणं फिरवी. आधी उभं, मग आडवं, मग तिरकं. पीठ नीट टोचलं नाही तर भट्टीत बिस्किटाला फोड येतात, आणि फोड आलेलं बिस्किट तुकड्यांच्या डब्यात जातं. तिच्या हाताखालून गेलेला ट्रे कधी परत आला नाही, असं भट्टी सांभाळणारे काका सांगत. भट्टीकाका उगाच कुणाची तारीफ करणाऱ्यातले नव्हते.

पण त्या खोलीत हवा कमी आणि मैदा जास्त. भिंती, दिवे, पापण्या, सगळ्यावर तो बसलेला. दोन वर्षांपासून तिला खोकला लागला होता. कोरडा, हट्टी, सुट्टीच्या दिवशी कमी होणारा आणि कामावर आलं की दारातच वाट बघत उभा असलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "तिथून बाहेर पडा, बाई. नाहीतर पुढे जिना चढताना मध्ये बसायला खुर्ची लागेल."

नेमकं त्याच सुमारास बेकरीच्या पुढच्या बाजूला काचेचं नवीन काउंटर व्हायला लागलं. तिथे मोठं दार होतं, पंखा होता आणि रस्त्यावरची हवा होती. चाळणी हात धुऊन मालकीणबाईंसमोर उभी राहिली आणि तिनं ते काम मागितलं.

"माल तुला माहीत आहे, कबूल," मालकीणबाई म्हणाल्या. "पण काउंटरवर चेहरा लागतो गं. गिऱ्हाईक आधी आपल्याकडे बघतं, मग बिस्किटाकडे." त्यांनी दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. बिस्किट खालून करपलंय का ते बघायला उलटं करतात, तसं. "हल्ली ते सुयांचं करतात, गाल टोचून खड्डे भरायचं. माझ्या मावसबहिणीनं केलं, गाल कसे लोण्यासारखे झालेत. काउंटर सुरू व्हायच्या आत करून घे. मग बघू."

एवढं बोलून त्यांनी कमरेचा रुमाल काढला आणि ती दोन बोटं पुसली. एकेक, वेगवेगळं.

चाळणीला स्वतःच्या गालांची किळस त्या रुमालानंतर आली.

*

सुयांच्या आधी तयारी असते, हे तिला त्वचेच्या दवाखान्यात कळलं. उन्हात जायचं नाही. रात्रीचं क्रीम बंद. भुवया कोरायच्या नाहीत, ब्लीच नाही, अंगदुखीची गोळी नाही, कारण तिनं रक्त जास्त येतं. चेहऱ्यावर ताजी पुटकुळी आली तर यायचंच नाही.

"म्हणजे नवरीसारखं घरात बसायचं," घरी हे ऐकून वहिनी म्हणाली. "नुसता नवरा तेवढा नाही."

"वहिनी, पुरे."

"नाही वन्सं, मी बापडी विचारते. खोकला छातीत, आणि सुया गालाला? तुमच्या मालकीणबाईंना शरीर कुठून कुठे जातं ते ठाऊक आहे ना?"

दादानं वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "लहानपणी इंजेक्शन म्हटलं की ही पलंगाखाली सापडायची. आता पैसे देऊन टोचून घेणार. काळ बदलला."

काळ बदलला होता तो असा, की ती आता रोज आरशासमोर उभी राहायला लागली होती. ताजी पुटकुळी आली का ते बघायला हवं ना. मोरीवरच्या आरशाला नाक टेकेपर्यंत ती जवळ जायची. नाकाच्या कडेला काळे ठिपके. खड्ड्यांच्या तळाशी साचलेला तेलकटपणा. हनुवटीखाली एक आखूड, जाड केस, जो इतकी वर्षं तिच्या पाठीमागे सुखानं नांदत होता. बोटानं दाबलं की काहीतरी पांढरं, किड्यासारखं वळत बाहेर येई, आणि ती बोट नळाखाली धरी. हे सगळं आधीही होतं. जगाला दिसत होतं, तिलाच नव्हतं. तयारी म्हणजे जगाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघायला शिकणं, असं तिला वाटलं आणि ती आरशापासून मागे सरली. पण दुसऱ्याच क्षणी खोकल्याची उबळ आली, आणि तिनं साठवलेले पैसे पिशवीतून काढून ठेवले.

*

दवाखान्यात बधिर करायचं क्रीम लावून चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. जाड पांढरा थर, वर पातळ प्लास्टिक. हालचाल नाही, बोलणं नाही. मळून झाकून ठेवलेले गोळे, चाळणीच्या मनात आलं. थोड्या वेळानं तीही त्यांच्यात पाचवा गोळा होऊन बसली. क्रीमला औषधाचा गोडसर, शिळा वास होता. ओठ जड झाले, लाळ कुठे चालली आहे ते कळेना. समोरच्या बाईच्या प्लास्टिकखाली घामाचे थेंब जमत होते.

आत डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडून सुयांचं हत्यार काढलं, तेव्हा चाळणीला खुदकन हसू आलं. ते काट्यांचं लाटणंच होतं. भातुकलीतलं, बोटभर.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. आमच्याकडे पण असतं."

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी सुरुवात केली. उभं, मग आडवं, मग तिरकं. गालांवर नुसतं ओढल्यासारखं वाटलं, पण कपाळाच्या हाडावरून लाटणं फिरलं तेव्हा आतून कुरकुर असा आवाज आला, बिस्किट चावल्याचा. तिनं मुठी आवळल्या. गालावरून काहीतरी कोमट ओघळलं. डॉक्टरीणबाई कापसानं टिपत राहिल्या, आणि उशाशी ठेवलेल्या ट्रेमध्ये लाल बोळ्यांचा ढीग वाढत गेला. लोखंडासारखा वास. आपल्याच आतला, कधी न घेतलेला.

"छान. हवं तेवढं आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टोचलं की कातडी घाबरते आणि स्वतःला भरून काढायला धावते, असं त्यांनी समजावलं. मग पथ्य सांगितलं. साबण नाही, ऊन नाही, घाम नाही, आच नाही, बोट लावायचं नाही. "काम काय करता?"

"बेकरीत."

"मग आठवडाभर भट्टीच्या जवळ फिरकायचं नाही."

तिनं मान हलवली. मैद्याचं त्यांनी विचारलं नाही. हिलाही सांगायचं सुचलं नाही. मैद्याला कुणी आच म्हणत नाही.

घरी आल्यावर वहिनीनं दार उघडलं आणि तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. मग म्हणाली, "सोललेला टोमॅटो दिसताय, वन्सं. पण टोमॅटो कटकट करत नाही, एवढं बरं असतं."

रात्रभर चेहरा भाजत होता. सकाळी उशीचा अभ्रा गालाला चिकटलेला निघाला. त्यावर पिवळट, चिकट डाग, मधे लाल ठिपक्यांची जाळी. हुबेहूब गालाचा छाप. तिनं तो अभ्रा चिमटीत धरून मोरीत टाकला आणि वर बालदी उपडी केली.

*

सुट्टी संपली नव्हती, तोच मालकीणबाईंचा फोन आला. मोठी ऑर्डर आली होती.

"चेहऱ्याला आच चालत नाही म्हणालेत, बाई."

"मग भट्टीकडे कोण बोलावतंय तुला? टोचायला चेहरा लागतो का? हातानंच टोचतेस ना."

काउंटर अजून द्यायचं बाकी होतं. ती गेली.

भट्टीकाकांनी तिला बघितलं, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि भट्टीकडचं दार ओढून घेतलं. पण दार लावून ऊब अडत नाही. तासाभरात गाल पाझरायला लागले. खड्ड्याखड्ड्यातून पाणी येत होतं आणि मानेपर्यंत चिकट ओघळ जात होते. हात लाटण्यावर, आणि मन भलतीकडे.

बेकरीतला पहिला धडा एकच असतो. चिकटलं की भुरभुरव. लाटणं चिकटलं, टेबल चिकटलं, तळहात चिकटला, डावा हात आपोआप मैद्याच्या परातीत जातो आणि चिमूट सोडतो. त्याला विचार लागत नाही. चाळणीचा डावा हात परातीत गेला आणि तिथून गालावर.

खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. गाल कोरडा झाला, थंड झाला. थोड्या वेळानं पुन्हा पाझरला, हातानं पुन्हा भुरभुरवलं. मग दुसरा गाल. ट्रेमागून ट्रे गेले. खोकल्याची उबळ आली तेव्हा तोंड उघडेना. चेहरा ताठ झाला होता.

तिनं रिकामा ट्रे उभा धरून त्यात बघितलं. दोन्ही गालांवर पिठाचा थर बसला होता. कडांना करडा, मधे गुलाबी.

ती मोरीवर धावली आणि नखांनी ते ओरबाडायला लागली. लिबलिबीत गोळे निघत होते, कातडीचा पापुद्रा घेऊन. मोरीच्या जाळीवर ते साठले आणि पाणी तुंबलं. पण त्याहून घाण पुढेच होतं. एक गोळा अंगठा आणि बोटाच्या मधे आला, आणि बोटांनी तो आपणहून चोळून बघितला, रोज बघतात तसा. सैल झालाय, थोडा मैदा लागेल, असं तिच्या मनात नीट, शांतपणे उमटलं.

तिथेच तिला ओकारी झाली.

दुपारपर्यंत डोळे सुजून मिटले आणि श्वासाला शिट्टी लागली. भट्टीकाकांनी भट्टी तशीच सोडली, तिला रिक्षात घातलं आणि वाटभर एकच वाक्य म्हणत राहिले, "बाई गं, हे पीठ आहे का?"

"काय लावलंत तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मैदा."

त्यांनी नाक मुरडलं नाही, हे तिला मिटल्या डोळ्यांनीही आवाजावरून कळलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, वाफ दिली, श्वास खाली बसल्यावर खोकल्याचं विचारलं, कधीपासून, कुठे, सुट्टीत कमी होतो का. मग म्हणाल्या, "मैदा तुम्हाला सोसत नाही. ना छातीला, ना कातडीला. त्या खोलीत परत पाऊल टाकू नका."

*

पुढचे दिवस कोंड्याचे. सूज उतरली आणि चेहऱ्याची सालं निघायला लागली. बोलताना गळायची, जेवताना ताटात पडायची. ती भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. अंथरुणावर राखाडी भुगा सांडलेला असे. वहिनी रोज चादर झटकायची आणि अभ्रा हातानं चोळायची.

"वहिनी, राहू दे ना. मला शिसारी येते, तुला कशी येत नाही?"

"येते की. मुलांचं काढताना आली, सासूबाईंचं काढताना आली. शिसारी येते, वन्सं, आणि हात चालू राहतात. अभ्रा द्या."

साल गेली आणि खालून जे निघालं ते लोणी नव्हतं. खड्डे थोडेसे भरले होते, नीट बघितलं तर. त्यांच्या जागी दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले होते, ते न बघताही दिसत.

काउंटर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती बेकरीत गेली. मालकीणबाईंची दोन बोटं सवयीनं पुढे आली. चाळणी एक पाऊल मागे सरली. बोटं हवेतच राहिली.

"मैद्याच्या खोलीत मला आता जाता येणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. काउंटर देणार असाल तर राहते. नसाल तर निघते."

मालकीणबाईंनी काचेकडे बघितलं, मग मालाच्या फळ्यांकडे. त्यांना दया आली असं काही नाही. पण कुठलं बिस्किट कुठल्या डब्यात, आणि कुठलं दमट हवेत मऊ पडतं, ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

"उभी राहा," त्या म्हणाल्या आणि फळीवरून एक खोका काढून तिच्यापुढे सरकवला. "पण हे लावून. माझा मुलगा म्हणतो, हल्ली गिऱ्हाइकाला असंच लागतं. आपला श्वास मालावर जाता कामा नये."

खोक्यात मास्क होते. निळे, घडीचे, नाकापासून हनुवटीपर्यंत झाकणारे. तिनं एक लावला. काउंटरच्या काचेत तिला टोपी दिसली, मास्क दिसला आणि मधे दोन डोळे.

"आणि चेहरा?" तिनं विचारलं.

"कुठला चेहरा?" मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

  तिनं तो खोका उचलला आणि ती मागे गेली. मैद्याच्या खोलीच्या उंबऱ्यात ती थांबली. आत धूर असावा तसा मैदा तरंगत होता. टेबलाशी दोघंजण खोकत पीठ लाटत होते. इतक्या वर्षांत या खोलीत असा खोका कधी आला नव्हता. तिनं हात लांब करून तो टेबलाच्या टोकाला, काट्यांच्या लाटण्याशेजारी ठेवला.

"ते काउंटरचे आहेत," मालकीणबाई मागून म्हणाल्या.

"माहीत आहे."

ती काउंटरवर येऊन उभी राहिली. मास्कच्या आत गाल खाजत होते, आणि डॉक्टरीणबाईंनी बोट लावायचं नाही असं सांगितलं होतं. तिनं दोन्ही हात काचेवर ठेवले आणि श्वास घेतला. थोडा मास्कचा वास आला, थोडा रस्त्याचा.