तळ्यावरचा आईचा दगड

ओल्या सिमेंटचा वास आला की मला डोंबिवलीचं तळं आठवतं. स्वातंत्र्य नवं होतं. सरकारी योजनेतून तळ्यासाठी दरवर्षी थोडा पैसा यायचा, श्रमदान मात्र गावाचं. रविवारी घरोघरची माणसं घमेली घेऊन गाळ उपसायची. पायऱ्या बांधायला घेतल्या तेव्हा ओव्हरसियरने धुण्याचे जुने दगड काढायला सांगितले, तर आई सरळ आपल्या दगडावर जाऊन बसली. "पायऱ्या सरकारच्या असतील, पण गाळ आम्ही काढलाय, साहेब. धुणं कुठं धुवायचं?" साहेब हसले आणि त्यांनी तो दगड शेवटच्या पायरीतच बसवून घेतला. पुढच्या वर्षी पैसा आला, तेव्हा ते आधी आमच्या दारात आले. "वहिनी, यंदा काय करू या?" हल्ली तळ्याचं पुन्हा सुशोभीकरण चाललंय. पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभी राहून मी तो वास घेते. यंदा काय करायचं, हे विचारायला दारात कोणी आलं नाही.