लाइल हॅस्केटच्या राखीव तारखा

लाइल हॅस्केटला तुम्ही नक्की पाहिलंय. नाव विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही, ती गोष्ट वेगळी. रुंद कपाळ, झुडपासारख्या भुवया, खर्जातला आवाज. काळा झगा घालून उंच खुर्चीत बसायचं, "आक्षेप फेटाळला" म्हणायचं, हातोडी आपटायची, की याचं काम झालं. झग्याखाली काय घातलंय याची कुणाला पडलेली नसते, कॅमेरा मेजाखाली जातो कशाला! उन्हाळ्यात तर अर्ध्या चड्डीत बसून या गृहस्थाने लोकांना जन्मठेपा ठोठावल्यात.

त्याची बायको रॉझ या न्यायमूर्तींना पुरती विटली होती. ती बरबँक या त्यांच्या सिनेमावाल्यांच्या गावातच एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलापाशी बसायची, आणि खरं सांगायचं तर घर तिच्याच पगारावर चालायचं. लाइलला घेऊन बाजारात जायचं म्हणजे तिच्या डोक्याला ताप. टोमॅटो निवडता निवडता कुणीतरी बाई थबकणार आणि म्हणणार, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. माझ्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन तुम्हीच केलंत का?" सरळ सांगावं ना, की नाही बाई, मी नट आहे. छे! हा एक भुवई वर करणार आणि म्हणणार, "आठवा बघू." बाईला काही आठवायचं नाही. इकडे रॉझच्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळायचं. शेवटी बाई म्हणायची, "हां, तुम्ही बँकेत असता!" आणि खूश होऊन निघून जायची. मग घरी पोचेपर्यंत गाडीत याचं तोंड पडलेलं.

ओहायोतल्या डेटनहून तो आला तेव्हा विशीत होता. नाटकाचं शिक्षण घेतलेलं, राजे-महाराजे व्हायची स्वप्नं. पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याच्या भुवया पाहिल्या, त्याला न्यायाधीश केलं, आणि तो शिक्का जो बसला तो बसलाच. एकदाच, अख्ख्या आयुष्यात एकदाच, एका पोलिसी मालिकेत त्याला कायमची खुर्ची मिळाली. दोन वर्षं बरं चाललं. तेवढ्यात त्यांनी घर घेतलं, मागे लिंबाचं झाड लावलं, टेस ही मुलगी झाली. मग लेखकांना कथेत खळबळ हवी झाली, म्हणून त्यांनी न्यायाधीशाला त्याच्याच गाडीत स्फोटाने उडवून दिलं. लाइल ते अजूनही असं सांगतो, जसं काही घरातलंच कुणीतरी गेलं.

पण रॉझचा राग कामावर नव्हता, बिनकामावर होता. या धंद्यात एक पद्धत आहे. भूमिका कुणाला द्यायची हे ठरायच्या आधीच नटाच्या एजंटला कळवतात, की अमुक तारखा राखून ठेवा. म्हणजे काम मिळालं असं नाही. एकाच भूमिकेसाठी तिघा-चौघांना असं राखून ठेवलेलं असतं. शेवटी एकाला घेतात, बाकीच्यांना सोडतात. नटाच्या घरी काही कार्य असेल तर त्यानेही आधीच एजंटला सांगायचं असतं, की या दिवसांत मी नाही. शहाणे नट तसं सांगतात. लाइलने उभ्या आयुष्यात कधी सांगितलं नाही. त्याची श्रद्धाच होती तशी. आपण "मी नाही" म्हटलं, की नेमकी त्याच दिवशी आयुष्यातली भूमिका येणार आणि दुसराच कुणीतरी ती घेऊन जाणार!

आशा सुटेना आणि देव भेटेना. टेसचं शाळेतलं नाटक होतं, त्या दिवशी डॅड राखीव. पोहण्याच्या शर्यतीला राखीव. पदवी घेताना ती व्यासपीठावरून खुर्च्यांच्या रांगा बघत राहिली आणि डॅड घरी, राखीव. "अगं, कामाला गेला असता तर मी हूं की चूं केलं नसतं," रॉझ बहिणीला फोनवर सांगायची. "पण हा कामाला जातच नाही! कामाची वाट बघायला घरी थांबतो! आणि पोरीला मी सांगायचं, डॅड कामात आहे म्हणून."

आता टेस मोठी झाली होती, गाडीने तीन-चार तासांवरच्या पासो रोबल्सला शाळेत शिकवत होती. तिथलाच एमेट नावाचा अक्रोडाच्या बागा असलेला मुलगा तिला भेटला आणि दोघांचं ठरलं. एका रविवारी तिचा फोन आला.

"डॅड, आमचं लग्न तूच लाव. जगभरच्या चोरांना न्याय दिलास, आता एकदा मला दे."

लाइलला गहिवरून आलं. तिकडे कुणालाही मिळतो तो लग्न लावायचा परवाना त्याने त्याच दिवशी काढला, इंटरनेटवर, बसल्या जागी. रॉझला मात्र भलतीच धास्ती लागली.

"गेलला सांगितलंस का?" तिने विचारलं. गेल म्हणजे त्याची एजंट.

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की त्या आठवड्यात मी नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने बघून सांगितलं. नवरा नट असला की हीच पंचाईत. डोळ्यांत डोळे घालून वाट्टेल ते बोलतो आणि आपण मूर्खासारखं खरं धरतो.

मग त्याने दाढी वाढवायला घेतली. का, तर म्हणे लग्न लावणाऱ्याला जरा वजन हवं. दाढी कसली ती, कुठे पांढरी, कुठे करडी, मधे मधे नुसती कातडी. टेसने फोनवर त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "डॅड, उंदरांनी कुरतडलं का रे तुला?" तो हसला, पण काही केल्या वस्तऱ्याला हात लावेना.

लग्नाच्या आठवड्यातला मंगळवार. रॉझ दुपारी जेवायला घरी आली होती. लाइल मागे झाडांना पाणी घालत होता आणि त्याचा फोन ओट्यावर वाजत होता. तिने उचलला.

"रॉझ? बरं झालं तूच उचललास," गेल म्हणाली. "त्याला सांग, ती दाढी काढ बाबा एकदाची. पुढच्या महिन्यात गाद्यांची जाहिरात आहे, त्यांना गुळगुळीत चेहऱ्याचा फोटो हवाय. मागच्या सोमवारीच सांगितलं होतं मी."

"दाढी गेली काय, राहिली काय, तुझा काय संबंध?"

"अगं, त्या सिनेमातल्या म्हाताऱ्या न्यायाधीशासाठी वाढवली होती ना! या शुक्रवार-शनिवारसाठी त्याला राखून ठेवलं होतं. त्याच सोमवारी सोडलं त्यांनी. दुसऱ्याला घेतलं."

रॉझने खुर्ची ओढली. "शनिवार राखून ठेवला होता? गेल, शनिवारी टेसचं लग्न आहे. त्याने तुला सांगितलं नाही?"

गेल म्हणाली, "लग्न? आईशप्पथ रॉझ, मला यातलं एक अक्षर ठाऊक नाही."

रॉझ मागच्या दाराने बाहेर आली. लाइल पाण्याची नळी घेऊन लिंबाशी उभा होता. तिने मुद्दामच साध्या आवाजात विचारलं, "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"

"तेच बोलणार होतो तुझ्याशी." त्याने घसा खाकरला. "तू पुढे हो. एक मोठं काम आहे. तीन प्रसंग, आणि बोलायचं सगळं मीच. शुक्रवार-शनिवार राखीव आहे मी."

"अजून राखीव आहेस?"

"हो ना."

"सोडलं नाही?"

"अजून तरी नाही."

"गेलचा फोन आला होता."

नळीतलं पाणी त्याच्या बुटांवर पडत राहिलं. त्याला भान नव्हतं.

"मागच्या सोमवारी सोडलं तुला, मेल्या! मग हे सोंग कुणासाठी?"

"तो दुसरा आहे ना, तो फार म्हातारा आहे, रॉझ. तब्येत बरी नसते त्याची. ऐनवेळी आजारी पडला तर..."

"तो आजारी पडायची वाट बघत तू पोरीचं लग्न सोडणार होतास?"

"सोडणार नव्हतो. शनिवारी पहाटे निघालो असतो. अगदीच नाही जमलं तर..."

तेव्हा रॉझच्या मनात ती शंका आली. ही आपल्याला आधी कशी आली नाही याचाच तिला जास्त राग आला. "लाइल, शाळेच्या नाटकाच्या दिवशी? तेव्हा खरंच राखीव होतास, की तेव्हाही आधीच सोडलं होतं?"

त्याने नळ बंद केला. "एक-दोनदा सोडलं होतं."

"एक-दोनदा?"

"जास्त वेळा." तो तिच्याकडे बघेना. "प्रत्येक वेळी येऊन सांगायचं, मला नाही घेतलं, दुसऱ्याला घेतलं. तू ताट वाढत असायचीस, टेस समोर बसलेली असायची. नाटकाला आलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की माझी कुठेच गरज नाही. राखीव आहे म्हटलं की अजून कुणाला तरी मी हवा असतो."

"आम्हाला हवा होतास ना, गाढवा!"

ती इतक्या जोरात किंचाळली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून ती आणखी चिडली. दाढी आत्ताच्या आत्ता काढ, असं बजावून ती दवाखान्यात निघून गेली. जाताना दारात वळून एवढंच म्हणाली, "पोरीला मी यातलं काही सांगणार नाही. आजवर तुझ्यासाठी मी पुष्कळ बोलले. आता तुझं तू निस्तर."

शुक्रवारी दोघं निघाले. गाडी रॉझ चालवत होती. लाइल शेजारी बसलेला, दाढी काढलेला जबडा पांढराफटक, मांडीवर फोन. सांता बार्बरा गेलं, सांता मारिया गेलं. फोन वाजला नाही. वाजला असता तर त्याने काय केलं असतं, हे रॉझने विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची तिची तयारी नव्हती.

शनिवारी अक्रोडाच्या बागेत पांढऱ्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. एकीकडे एमेटचे काका निखाऱ्यांवर मांस भाजत होते, त्याचा धूर नेमका पाहुण्यांवर येत होता. झाडाखाली टेस आणि एमेट हात धरून उभे, समोर लाइल. त्याने सुरुवात केली ती थेट न्यायालयातल्या आवाजात: "आज आपण सर्वजण येथे जमलो आहोत..." मागे एक बाई कुजबुजली, "हा टीव्हीवरचा नाही का?" दुसरी म्हणाली, "छे गं, विम्यावाला आहे तो."

आणि लाइल थांबला. एकदम थांबला. हा आता अडकला, रॉझच्या मनात आलं. देवा रे, जन्मभर लोकांनी लिहिलेलं धडधडा म्हणत आला, आणि पोरीच्या लग्नात शब्द विसरला!

तो बोलला तेव्हा तो आवाज घरातला होता, बिनझग्याचा. "टेस, तुझ्या शाळेच्या नाटकाला मी आलो नाही. शर्यतीला आलो नाही. पदवीच्या वेळी आलो नाही. काम आहे, असं तुला सांगितलं होतं. काम नव्हतं. मी घरीच होतो."

रॉझला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अरे, वेळकाळ काही असते की नाही! लग्न लावायला उभा केला तर कबुलीजबाब द्यायला लागला! एमेटची आई पायातल्या गवताकडे बघू लागली. मांस भाजणारे काकासुद्धा चिमटा हातात धरून तसेच उभे राहिले.

टेसने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. "माहीत आहे, डॅड."

"काय माहीत आहे?"

"शर्यत झाल्यावर मी घरी आले ना, तेव्हा तुझी गाडी दारातच होती. मी बॉनेटवर हात ठेवून बघितला. गार होतं. गाडी हललीच नव्हती. मग पुढे दरवेळी आत यायच्या आधी बघायचे."

रॉझने तोंडावर हात दाबला. एवढीशी पोर दारात थांबून गाडीवर हात ठेवायची आणि मग आत येऊन, "काम कसं झालं, डॅड?" असं विचारायची. विचारायची की! रॉझने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि वर बटाटे वाढता वाढता स्वतः उत्तरही दिलं होतं, की चांगलं झालं गं.

लाइलच्या भुवया तेवढ्या हलत होत्या.

"आता लाव की लग्न," टेस म्हणाली. "लोक उन्हात भाजतायत, आणि तिकडे ते मांस करपतंय. विचार ना पुढचं."

लाइलने विचारलं, की एमेटला तू नवरा म्हणून स्वीकारतेस का. पण इतक्या हळू विचारलं, की मागच्या रांगेतून एक म्हातारी वैतागून ओरडली, "अहो, मोठ्याने बोला! इकडे काही ऐकू येत नाही!"

टेसला ऐकू आलं होतं. ती हो म्हणाली.